चिटणिसाला मत नसतं

मी अप्रशिक्षित आहे, हे मला बरीच वर्षं नोकरी केल्यावर कळलं. सांगितलं आमच्या संघाच्या अध्यक्षांनी, आणि तेही इतक्या मायेनं की मला आधी वाटलं, काहीतरी चांगली बातमी आहे.

जिंतूरच्या मोंढ्यात आडत व्यापाऱ्यांचा एक संघ होता आणि मी त्याचा पगारी चिटणीस होतो. निजामाच्या अमलात या कामाला मोतमद म्हणत. पोलीस ॲक्शननंतर संघ नव्यानं उभा राहिला तेव्हा पाटीवर चिटणीस आलं. पुढे हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि वरून येणाऱ्या कागदांवर मी सेक्रेटरी झालो. माणूस तोच, टेबल तेच, टेबलाचा आखूड पायसुद्धा तोच. अध्यक्ष मात्र मला मोतमदच म्हणत. नवीन शब्द त्यांना आवडत असत, पण दुसऱ्यांनी वापरलेले.

चिटणिसाचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी म्हणे, लिहिणं. खरं काम वेगळंच होतं. सभेच्या आदल्या दोन-चार दिवसांत मी मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानात जायचो, गादीवर टेकायचो, चहा घ्यायचो, पीकपाणी, लग्नकार्य, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं असं सगळं झालं की उठता उठता विषय काढायचो. समोरचा छताकडे बघायचा, पानाला चुना लावायचा आणि म्हणायचा, "बगा की, तुमाला काय वाटतंय ते." या एका वाक्याचे पन्नास अर्थ होते आणि ते मला पाठ होते. कोण हो म्हणतोय आणि कोण नाही, हे कळलं की मी अध्यक्षांच्या कानावर घालायचो. मग सभा भरायची. अध्यक्ष म्हणायचे, "काय मंडळी, बरोबर हाय ना?" कुणी काही बोलायचं नाही. एखादा खोकायचा. ठराव मंजूर. पुढे चिवडा आणि चहा. सभेची रूदाद, म्हणजे आता जिला इतिवृत्त म्हणतात ती, मी बहुतेक वेळा आदल्या दिवशीच घरी लिहून ठेवलेली असे. तिच्यात पुढे कधी खाडाखोड करावी लागली नाही.

याला लबाडी म्हणू नये. आमच्या मोंढ्यात मालाचा भावसुद्धा उघड बोलला जात नसे. घेणारा आणि आडत्या दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, एकमेकांचे हात धरत, बोटं दाबून आकडा ठरवत, आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना दोघांच्या तोंडावरून काही म्हणून कळत नसे. जन्मभर असा व्यवहार केलेल्या माणसाला चारचौघांत "माझं मत हे" असं म्हणायला लावणं म्हणजे त्याला बाजारात उघडं उभं करण्यासारखं होतं. शिवाय ज्याच्या विरुद्ध बोलायचं त्याच्याच ओट्यावर संध्याकाळी बसायचं असे. त्यामुळे आमचा संघ विनाभांडण चालला. त्याचं श्रेय मी स्वतःकडे घेत होतो, मनातल्या मनात.

तर त्या वर्षी अध्यक्षांची लेक माहेरी आली आणि परत जायचं नाव घेईना. जावईबापू बी.कॉम. होते. इस्त्रीची पँट घालून ते दुपारी मोंढ्यातून एक चक्कर मारत आणि पोत्यांच्या थप्प्यांकडे असे बघत की हमालांना आपलंच काही चुकलं असं वाटे. त्यांना कुठेतरी चिकटवायला हवं होतं. हे मला कुणी सांगितलं नाही. मोंढ्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे मलाही होतं.

एके दिवशी अध्यक्षांनी मला बोलावलं. ते कापसाचे मोठे आडते, आवाज खर्जातला, पण अवघड बोलायचं असलं की फार हळू बोलत. त्या दिवशी ते अगदी कुजबुजले.

"मोतमद, जमाना बदलायलाय. आता मुंबईचं राज. तिकडले लोक समदं शास्त्रावर चालवतेत. तुमचं शिक्षण पडलं उर्दूतलं."

"होय."

"तसं तुमचं काम लय बेस हाय. पण शास्त्र न्हाई."

मग त्यांनी परभणीहून आलेला एक कागद पुढे सरकवला. व्यापारी, कारागीर, वाहतूक अशा सगळ्या संघांच्या चिटणिसांसाठी परभणीला संमेलन व अभ्यासवर्ग भरणार होता. तज्ज्ञ पुण्याहून येणार होते. शेवटी प्रमाणपत्र मिळणार होतं.

"जाऊन या," अध्यक्ष म्हणाले. "आल्यावर वार्षिक सभा हाय. तुमचा इषय सभेपुढं ठेवावा लागंल. मंडळी काय म्हणतेत बगू."

मंडळी काय म्हणतात हे त्यांना आजवर मीच सांगत आलो होतो. या वेळी ते मला विचारणार नव्हते, एवढं मला कळलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. घर म्हणजे संघाच्या कचेरीमागच्या दोन खोल्या. नोकरी गेली की त्याही जाणार. माझी मॅट्रिक उर्दूतली, तिचा रुपया या नव्या राज्यात कुठे चालत नव्हता. राहता राहिलं पेडगाव. तिथे थोरल्या भावाचं शेत होतं आणि भावाचं मन मोठं होतं, पण ते मोठं आहे हे तो दिवसातून अनेकदा बोलून दाखवत असे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या कोटाचं बटण तुटलं होतं, ते शिवायला घेतलं आणि दातानं दोरा तोडून म्हणाली, "अवो, मी पेडगावला जायची न्हाई. जावेच्या चुलीपुढं पुन्हा बसायची न्हाई म्हंजी न्हाई. काय शिकायचं ते शिकून या."

एवढ्या सूचनेवर मी शिकायला निघालो. बोरी, झरी करत मोटार परभणीला पोचली तेव्हा कोटाचा मूळ रंग कोणता हे मलाही सांगता आलं नसतं.

संमेलन भरलं होतं एका जिनिंगच्या आवारात. हंगाम नसल्यामुळे यंत्रं बंद होती, पण तुळयांवर आणि पत्र्यांवर जुना कापूस तसाच चिकटून होता. वारा आला की तो अलगद खाली येई आणि चिटणिसांच्या डोक्यांवर बसे. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही सगळे एका वयाचे दिसू लागलो. पुण्याहून आलेले व्याख्याते सारखे शिंकत होते. ते फार सज्जन होते. आमच्याशी ते अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत. आम्हाला मराठी येतं का, याबद्दल त्यांना थोडी शंका असावी. आम्हीही त्यांना "जनाब" म्हणून ती शंका वाढवली.

पहिलं व्याख्यान होतं, "आदर्श चिटणीस". व्याख्यात्यांनी फळ्यावर एक माणूस काढला. डोकं म्हणजे अध्यक्ष, हातपाय म्हणजे सभासद आणि कणा म्हणजे चिटणीस. मग फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "चिटणिसाला मत नसते." त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. चिटणिसानं विचारलं तर माहिती द्यावी, नियम सांगावा. स्वतःला काय वाटतं हे बोलू नये, चेहऱ्यावर दाखवू नये, जमल्यास वाटूनही घेऊ नये.

"जनाब, पोट असतंय का त्याला?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळे हसले. व्याख्यातेही हसले, पण थोडं उशिरा. विचारणारा पालमचा होता. तिथल्या कुठल्याशा कारागिरांच्या संघाचा तो चिटणीस. सकाळी हौदावर तोंड धुताना त्याची माझी ओळख झाली होती. हा माणूस म्हणजे संमेलनांचं चालतं पंचांग होता. सहकाराचं शिबिर, ग्रामोद्योगाचा वर्ग, साक्षरतेचा मेळावा, कुठे काय भरतं, कुणाकडे वरणात हात आखडता असतो, कुठे निघताना पिशवी देतात, सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्या छातीवर या संमेलनाचं कागदी फूल होतं आणि कोटाच्या आत मागच्या चार संमेलनांची फुलं टाचून ठेवलेली होती.

"तुमच्या संघाचं कसं काय चाललंय?" मी विचारलं.

"संघ? त्यो मोडला की कवाच."

"मग तुम्ही इथे कसे?"

"चिटणीस हाय ना मी. मला कुणी काढलंच न्हाई. काढायला सभा लागती, सभेला सभासद लागतेत." त्यानं हौदातून आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला. "शिकणं बंद करायचं नसतंय, भाऊ. संघ बंद पडला तरी चालंल."

मला त्याचा हेवा वाटला. काढायला कुणी शिल्लकच नाही, यापेक्षा पक्की नोकरी कुठली?

दुसऱ्या दिवशी नमुना सभा होती. व्याख्याते म्हणाले, आपण समजू या की ही एका संघाची सभा आहे. मी अध्यक्ष, तुम्ही सभासद. विषय असा की संघानं कचेरीसाठी घड्याळ घ्यावं. आता कुणीतरी ठराव मांडा.

आणि आम्ही सगळ्यांनी पेन्सिली काढून लिहायला सुरुवात केली.

त्यांना वाटलं, आम्ही ठराव तयार करतोय. ते थांबले. आमचं लिहून झालं, आम्ही मान वर करून पुढच्या वाक्याची वाट बघत बसलो. "मांडा, मांडा," ते म्हणाले. आम्ही तेही लिहिलं. शेवटी त्यांनी पुढच्या रांगेतल्या तांगेवाल्यांच्या चिटणिसाच्या हातातला कागद घेऊन बघितला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "अध्यक्षांनी सभासदांना ठराव मांडण्याची विनंती केली. सभासद शांत होते." सगळ्यांच्या कागदांवर थोड्याफार फरकानं तेच होतं. जन्मात कधी ठराव मांडला नाही, फक्त मांडल्याचं लिहिलं, अशा माणसांची ती सभा होती. त्या संघाला घड्याळ मिळालं नाही.

पण गृहस्थ चिवट होते. त्यांनी आमच्याकडून ठराव मांडून घेतला, अनुमोदन देववलं आणि मग मतदानावर आले. मनातलं काढत दुकानोदुकानी फिरणं, आधी ठरवून मग सभा घेणं, या सगळ्याला त्यांनी सरंजामी म्हटलं. लोकशाहीत सभासदानं सभेत, सर्वांसमक्ष, हात वर करून मत द्यावं. अध्यक्षांनी आधी अनुकूल कोण ते विचारावं, मग प्रतिकूल कोण ते विचारावं. एक बाजू विचारून थांबणं हा अन्याय होय. चिटणिसानं हात मोजावेत. आणि दोन्ही बाजू समसमान झाल्या, तर अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत द्यावं.

"आमच्याकडं आसं व्हईत न्हाई," तांगेवाल्यांचा चिटणीस म्हणाला.

"होईल," व्याख्याते म्हणाले. "लोकशाही रुजली की होईल."

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. व्याख्यान संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, ठराव खुद्द चिटणिसाच्या नोकरीबद्दलचा असेल तर चिटणिसानं काय करावं? प्रश्न ऐकून ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या खांद्यावरचा कापूस झटकला.

"उत्तम प्रश्न! तिथंच खरी कसोटी. चिटणिसानं ठराव स्पष्ट आवाजात वाचावा, हात मोजावेत, निकाल लिहावा. शब्दानंही काही सुचवू नये. असं करून दाखवणारा चिटणीस मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही मला कळवाल?"

मी कळवतो म्हणालो. नाही म्हणायची सवय मलाही कुठे होती?

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली गेली. असं संमेलन दरवर्षी भरावं, असा ठराव हात वर करून एकमतानं मंजूर झाला. पालमच्या चिटणिसानं पुढचं संमेलन पालमला घ्यावं अशी सूचना केली, म्हणजे त्या निमित्तानं त्याला एखादा संघ काढता येईल. निघताना त्यानं मला विचारलं, काय शिकलाव? मी म्हणालो, नोकरी शास्त्रशुद्ध पद्धतीनं कशी घालवायची ते. तो म्हणाला, "मंग पुढच्या खेपेला याच."

जिंतूरला आल्यावर मी अध्यक्षांपुढे प्रमाणपत्र ठेवलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं आणि तब्येतीची चौकशी केली. मतदानाची नवी रीत मी त्यांना समजावून सांगितली. दुकानोदुकानी फिरणं बंद. सगळं सभेत, उघड. ते ऐकताना त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मंडळीचं मन आता माझ्यामार्फत कळणार नव्हतं, म्हणजे माझ्याच विषयावर मला फिरायला लावण्याची पंचाईत मिटली. "ह्ये बेस हाय," ते म्हणाले. अध्यक्षांपुढे टेबलावर एक घंटी असावी असंही संमेलनात सांगितलं होतं. ती कुठे मिळते, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

सभा अमावास्येला ठेवली. त्या दिवशी मोंढा बंद असतो, लोकांना सवड असते. दुपारी जेवणं उरकून सगळे आले. भिंतीला टेकण्यासाठी जागा धरून बसले. जावईबापू दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. ते सभासद नव्हते, पण त्यांना जा म्हणणार कोण? माझी बायको मागच्या खोलीत होती. मधल्या दाराची कडी तिनं लावली नव्हती, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

पहिले काही ठराव किरकोळ होते. हात वर करायचा म्हटल्यावर मंडळी आधी लाजली. मग एकानं केला, तो बघून दुसऱ्यानं केला. करडीच्या तेलाचा घाणा असलेले एक म्हातारे सभासद होते. त्यांनी पहिल्या ठरावाला वर केलेला हात तिसऱ्या ठरावापर्यंत तसाच ठेवला, कारण खाली घ्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्ष दर वेळी घंटी वाजवत होते. त्यांना त्या दिवसात फक्त घंटीचंच सुख होतं, असं आता मला वाटतं.

मग माझा विषय आला. एका कापडवाल्या सभासदानं मांडायचा ठराव अध्यक्षांनी आधीच ठरवून दिला होता. तो मांडणारा बिचारा कागद हातात घेऊन उठला, त्याचा आवाज फुटेना. त्यानं कागद माझ्याकडे दिला. "तुमीच वाचा, चिटणीससाब. तुमचा आवाज खणखणीत हाय."

मी उभा राहिलो आणि वाचलं. नव्या राज्याच्या नव्या गरजा लक्षात घेता, संघाच्या सध्याच्या चिटणिसांना सन्मानानं कामातून मोकळं करण्यात यावं आणि त्यांच्या जागी वाणिज्य विषयातला पदवीधर नेमण्यात यावा. शब्द स्पष्ट उच्चारले. सन्मानानं या शब्दावर किंचित थांबलोसुद्धा. पुण्याचे गृहस्थ असते तर त्यांचे डोळे पाणावले असते. माझे कोरडे होते.

अनुमोदन झालं. अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना पुढचे शब्द आठवत नव्हते. मी हळूच सांगितले आणि ते मोठ्यानं म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

आधी कुणीच हलेना. मग अध्यक्ष खाकरले आणि हात वर जायला लागले. कुणी डोकं खाजवतोय असं दाखवत, कुणी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत, पण गेले. ज्यांच्या गादीवर मी इतका चहा प्यालो होतो त्या सगळ्यांचे हात माझ्यापुढे वर होते. मी बोट दाखवत मोजले. सगळे. एकही कमी नाही. फार लागलं मला ते. आयुष्यात कुणी तोंडावर मारलं नव्हतं, तेव्हा मारल्यावर कसं वाटत असेल ते त्या दिवशी कळलं.

नियमाप्रमाणे दुसरी बाजूही विचारायला हवी होती. खरं तर आता तिची गरज नव्हती. पण मी प्रमाणपत्र मिळवलेला चिटणीस होतो, आणि रागाच्या भरात माणूस नियम फार काटेकोर पाळतो. मी म्हणालो, "प्रतिकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

मंडळींनी माझ्याकडे बघितलं. या वेळी विचारणारा मी होतो, अध्यक्ष नव्हते. आणि विचारून मी असा समोर उभा. घाण्यावाल्या म्हाताऱ्यानं पहिला हात वर केला. मग कापडवाल्यानं केला, ज्यानं ठराव मांडला होता त्यानं. मग एकामागून एक सगळ्यांचे हात पुन्हा वर गेले, आणि या खेपेला कुणी डोकं खाजवलं नाही. कुणालाही यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. अध्यक्षांनी हात मागितला, दिला. मोतमदांनी मागितला, त्यांनाही दिला. मागणाऱ्याला रिकामं कसं पाठवायचं?

मी पुन्हा मोजले. पुन्हा सगळे. जावईबापू खुर्चीतून पुढे वाकून काहीतरी म्हणाले, बहुधा इंग्रजीत.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. मग परत वाजवली. "आता?" त्यांनी मला विचारलं.

"दोन्ही बाजू समसमान आहेत," मी म्हणालो. "अशा वेळी अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत द्यायचं."

"मी?"

"होय. आपण एकट्यानं."

इतक्या वर्षांत त्या माणसाला मी असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. भाव दस्तीखाली ठरवणारा, सभेत "बरोबर हाय ना" एवढंच विचारणारा, लेकीचा हट्ट सभेवर ढकलणारा आणि सभा माझ्यावर, तो आज सगळ्यांसमक्ष एकटा पडला होता. दाराशी जावई, समोर मी, भोवती सगळा मोंढा. घामानं त्यांची टोपी ओली झाली. त्यांनी दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग सवयीनं, आजवर प्रत्येक गुंता सोडवताना बघायचे तसं, माझ्याकडे बघितलं.

"मोतमद," ते म्हणाले, "तुमीच सांगा. काय करावं?"

मला माझं उत्तर माहीत होतं. परभणीच्या फळ्यावर ते खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं. निर्णय सर्वस्वी अध्यक्षांच्या विवेकावर अवलंबून आहे, असं म्हणायचं आणि खाली बसायचं. वाक्य जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मला ठेवा."

आवाज खणखणीत नव्हता. चिरका होता. पण एकदा बाहेर पडल्यावर थांबेना. "मला हे काम आवडतं. मला येतं. मला कुठं जायचं नाही. मला ठेवा."

मागच्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज आला. घाण्यावाले म्हातारे "आता कसं बोलला" असं काहीसं पुटपुटले. अध्यक्ष तक्क्याला टेकले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि कारण नसताना घंटी वाजवली.

"ठेवलं," ते खर्जात म्हणाले. "लिवा."

जावईबापू उठून बाहेर गेले. पुढे महिनाभरात ते औरंगाबादला एका पेढीत लागले आणि सुखी झाले. इकडे चहाचे कप फिरू लागले, लोक एकदम मोठ्यानं बोलू लागले. मी लिहायला बसलो. इतक्यात अध्यक्ष सरकत सरकत माझ्या टेबलापाशी आले. वाकून, हळूच, जवळजवळ रागावून म्हणाले, "आवो, मंग ह्ये आधी कामून न्हाई म्हणलाव? म्हणला असताव तर मी लेकीला तेच सांगितलं असतं की. दोन म्हैने झाले, डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

माझ्याही डोळ्याला नव्हता. पण ते काही मी त्यांना सांगितलं नाही. म्हणालो, चहा निवतोय, घ्या.